शब्द ओळखता येतो, पण आठवतो का?

गेल्या जूनमधली गोष्ट. रविवारी सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिने परिचारिकेचे शिक्षण पुरे केले आणि आता ती एका रुग्णालयात नोकरी करते. वडिलांचे मोटार रिवायंडिंगचे छोटे दुकान आहे. मुलीला जर्मनीत कामाला जायचे होते. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे जर्मन भाषेची बी२ ही पातळी गाठावी लागते. वडिलांनी भ्रमणध्वनी पुढे केला. त्यावर भाषा शिकवणाऱ्या एका ॲपची जाहिरात होती. वर्षाचे १८ हजार रुपये. आजच भरले तर सवलत.

"सर, तुम्हाला यातलं कळतं. घेऊ का?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, भाषा नव्हे. परंतु साधन विकत घेण्यापूर्वी ते नेमके काय मोजते आणि काय करते हे विचारायचे, एवढे प्रयोगशाळेत वीस वर्षे घालवल्यावर अंगवळणी पडते. शिवाय या बाबतीत मी स्वतः एकदा ठेच खाल्लेली आहे.

एम. एस्सी. करीत असताना मी जर्मन शिकण्यासाठी चकत्यांचा एक संच घेतला होता. संगणकाच्या पडद्यावर चार चित्रे येत, एक शब्द ऐकू येई आणि योग्य चित्रावर टिचकी मारायची. मला शंभरपैकी नव्वदच्या खाली गुण क्वचितच पडत. पुढे आमच्या प्रयोगशाळेत एक जर्मन पाहुणे आले. किल्ली टेबलाच्या खणात आहे एवढेच मला त्यांना सांगायचे होते. किल्लीच्या चित्रावर मी पन्नासदा तरी टिचकी मारली असेल. पण त्या क्षणी 'किल्ली'ला जर्मन शब्द काही केल्या तोंडात येईना. शेवटी मी हाताने खण दाखवला. पाहुणे हसून म्हणाले, "आख, श्ल्यूसेल!" आणि तो शब्द मी लगेच ओळखला!

विद्यार्थी मित्रांनो, हा अनुभव तुम्हालाही आहे. 'योग्य पर्याय निवडा' या प्रश्नात जे उत्तर चटकन सापडते, तेच 'व्याख्या लिहा' म्हटल्यावर सापडत नाही. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बोलताना समोर चार पर्याय नसतात. रिकाम्या पाटीवर शब्द आपणच आणावा लागतो. म्हणून कोणतेही भाषाशिक्षणाचे साधन हाती आले की पहिला प्रश्न हा विचारावा : हे साधन मला शब्द ओळखायला लावते की आठवायला?

हा फरक किती मोठा आहे? २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकायला दिले. उदाहरणार्थ, 'माशुआ' म्हणजे होडी. आधी यादी वाचायची, मग परीक्षा, पुन्हा वाचन, पुन्हा परीक्षा, असा क्रम होता. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला की पुढे त्याचे काय करायचे, हे मात्र चार गटांत वेगवेगळे ठेवले होते. पहिल्या गटात तो शब्द वाचनातही राही आणि परीक्षेतही. दुसऱ्या गटात तो वाचनातून काढून टाकीत, पण परीक्षेत ठेवीत. तिसऱ्यात उलट : वाचन चालू, परीक्षा बंद. चौथ्या गटात दोन्ही बंद.

आठवड्याने सर्वांची परीक्षा घेतली. पहिल्या दोन्ही गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. तिसऱ्या गटाला ३६ टक्के आणि चौथ्याला ३३ टक्के. दुसरा व तिसरा गट शेजारी ठेवून पाहा. दोघांनी केलेला एकूण सराव जवळपास सारखाच होता. एकाने तो आठवण्यात घालवला, दुसऱ्याने वाचण्यात. पुन्हा पुन्हा वाचल्याने जवळजवळ काहीच पदरात पडले नाही. पुन्हा पुन्हा आठवल्याने दुपटीहून अधिक पडले.

यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती एक लहानशी नोंद. आठवड्यानंतर किती शब्द आठवतील याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच घेतला होता. चारही गटांचा अंदाज सारखाच, निम्म्याच्या आसपास होता! म्हणजे आपण नीट शिकतो आहोत की नाही, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. म्हणून 'हे ॲप वापरताना फार प्रगती झाल्यासारखे वाटते' या प्रशस्तिपत्रकाला मी फारशी किंमत देत नाही. वाटणे हे मोजमाप नव्हे.

आता दुसरा प्रश्न. आठवायचे ते केव्हा?

याचे उत्तर शोधणाऱ्या पहिल्या माणसाने प्रयोग स्वतःवरच केले. हेर्मान एबिंगहाउस हा तो जर्मन शास्त्रज्ञ. आधीच्या ओळखीचा परिणाम नको म्हणून त्याने अर्थहीन अक्षरसमूह तयार केले, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ केल्या. दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला ते तो मोजी. समजा, प्रथम १,००० सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी ६६० सेकंद. तर ३४ टक्के बचत झाली, म्हणजे तेवढे मनात शिल्लक होते. १८८५ साली त्याने आपले आकडे प्रसिद्ध केले. सुमारे २० मिनिटांनी शिल्लक ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, दोन दिवसांनी २८, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. एका माणसाचे हे आकडे, त्यावर किती विसंबायचे, असे कोणी म्हणेल. पण २०१५ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा बराचसा तसाच आलेख मिळाला.

हे आकडे आलेखकागदावर मांडून पाहा. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचा आलेख पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. पण तशी समजूत करून घेऊ नका. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा पदार्थ नाहीसा होण्याचा काळ, कायम असतो. २० मिनिटांत ५८ टक्के उरत असेल, तर अर्धायुष्य सुमारे २५ मिनिटांचे येते. दिवसात १,४४० मिनिटे. म्हणजे ५७ वेळा निम्मे निम्मे होऊन दुसऱ्या दिवशी मनात काहीही उरायला नको! प्रत्यक्षात ३४ टक्के उरते. याउलट तासाभरानंतरच्या ४४ टक्क्यांचे निम्मे होण्यास जवळजवळ महिना लागतो. जे टिकले, ते अधिकाधिक सावकाश विसरले जाते. युरेनियमचा अणू म्हातारा होत नाही, त्याला आपले वय ठाऊक नसते. आठवणीला मात्र ते ठाऊक असते असे म्हणावे लागेल.

विसरण्याचा वेग असा मंदावत जातो, म्हणून उजळणीतील अंतरही वाढवत न्यावे : आज, उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. एकाच रात्री दहा वेळा घोकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

झेबास्टिआन लाइटनर या लेखकाने १९७२ साली आपल्या पुस्तकात यासाठी एक खोका सुचवला. तो बुटांच्या रिकाम्या खोक्यातून घरी करता येतो. खोक्याचे आडवे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांची पाठ कोरी असते. ती कापून चिठ्ठ्या करा. चिठ्ठीच्या एका बाजूस मराठी शब्द, दुसरीकडे परकी भाषेतला. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा रोज काढायचा. मराठी बाजू पाहून परका शब्द मोठ्याने म्हणायचा, मगच चिठ्ठी उलटायची. बरोबर आला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर ती कितीही पुढे गेलेली असली तरी पुन्हा पहिल्या कप्प्यात. दुसरा कप्पा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. अवघड शब्द आपोआप वारंवार समोर येतात, सोपे आपला वेळ खात नाहीत.

हेच काम संगणकाकडून करून घेण्याची कल्पना पोलंडमधील प्योत्र वोझ्न्याक या विद्यार्थ्याने राबवली. १९८५ साली त्याने कागदावर हिशेब मांडले आणि १९८७ साली 'सुपरमेमो' हा कार्यक्रम तयार केला. २००६ साली आलेला 'आंकी' हा त्याच जातीचा कार्यक्रम. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पाठांतर असा आहे. संगणकावर आणि अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर तो विनामूल्य मिळतो, आयफोनवर मात्र पैसे पडतात. दिसायला तो अगदी रुक्ष आहे : ना चित्रे, ना शाबासकीची घंटा. पण आठवायला लावणे आणि योग्य अंतराने लावणे, ही दोन्ही कामे तो चोख करतो. दुसऱ्याने तयार केलेले दोन हजार शब्द उतरवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य लिहून स्वतः केलेली शंभर पत्रे अधिक उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

खेळासारखी रचलेली ॲपे मग टाकाऊ का? तसे नाही. नवशिक्याला रोज दहा मिनिटे बसवणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ती त्यांना साधते. पण सलग शंभर दिवसांची साखळी म्हणजे हजेरीपट आहे, गुणपत्रिका नव्हे. आणि ज्यात तयार शब्दांच्या विटा रचून वाक्य करायचे असते, त्यात बहुतेक काम ओळखण्याचेच असते. त्याच ॲपमध्ये पूर्ण वाक्य स्वतः टंकण्याची सोय असेल तर ती निवडावी.

येथवर शब्दांचे झाले. भाषा मुळात ध्वनीची असते, आणि येथे पदार्थविज्ञानवाल्याला थोडे अधिक बोलू द्या.

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची असते. एका टोकाला बंद असलेल्या नळीतील संस्पंदन तुम्हाला ठाऊक आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर पहिली संस्पंदन वारंवारता ३४० ÷ (४ × ०.१७), म्हणजे ५०० हर्ट्झ येते आणि पुढच्या १,५०० व २,५०० हर्ट्झ. जीभ सैल ठेवून 'अ' म्हटले तर साधारण अशी स्थिती असते. जीभ व ओठ हलवून आपण नळीचा आकार बदलतो, या वारंवारता सरकतात आणि कान त्यांना ई, ऊ, ए अशी नावे देतो.

जर्मनमध्ये एक स्वर आहे, जो मराठीत नाही. जीभ 'ई'च्या जागी ठेवायची आणि ओठांचा चंबू मात्र 'ऊ'चा करायचा. नळी पुढे लांबली, वरच्या वारंवारता खाली आल्या आणि नवा स्वर तयार झाला! मराठीत कोणी मॅक्स मुल्लर लिहितो, कोणी म्युलर. कारण हा स्वर 'उ'ही नव्हे आणि 'यु'ही नव्हे. माझ्या 'श्ल्यूसेल'मध्येही तोच दडला आहे. ॲप तुम्हाला हा शब्द शंभरदा ऐकवील. पण ओठ आणि जीभ कुठे ठेवायची हे सांगत नसेल, तर आपला कान त्याला ओळखीच्या 'यू'मध्येच बसवून मोकळा होतो.

तेव्हा आवाजाच्या बाबतीत तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ध्वनिमुद्रणाचा दर्जा. जुना दूरध्वनी केवळ ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेई. पण स, श यांसारख्या ऊष्म व्यंजनांची बरीचशी ऊर्जा ३,००० हर्ट्झच्या वर असते. जर्मनमध्ये चर्च आणि चेरी हे दोन शब्द केवळ अशाच एका व्यंजनाने वेगळे होतात. घोगऱ्या ध्वनिफितीवर शिकणारा रविवारी चेरीत जाऊन येईल. चांगला कर्णध्वनी वापरा.

दुसरी गोष्ट, आवाज किती जणांचे आहेत? अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतील 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवण्याचे प्रयोग झाले. ते १९९१ व १९९३ साली प्रसिद्ध झाले. अनेक वक्त्यांचे आवाज ऐकून शिकलेल्यांना नव्या माणसाचे बोलणेही ओळखता आले. एकाच वक्त्यावर शिकलेल्यांना नव्या आवाजापुढे तसे जमले नाही. एकच गोड आवाज असलेल्या ॲपपेक्षा दहा जणांचे आवाज असलेले ध्वनिमुद्रण बरे, मग त्यातले दोघे खोकत का असेनात.

तिसरी गोष्ट, 'तुमचा उच्चार तपासतो' हा दावा. बोललेले ओळखणारा संगणक मुळात अर्थ लावण्यासाठी घडवलेला असतो. चुकीच्या उच्चारातूनही योग्य शब्द काढणे हेच त्याचे कौशल्य. त्याने हिरवी खूण दिली म्हणजे उच्चार शुद्ध झाला असे नव्हे. त्यापेक्षा मूळ वाक्य ऐका, आपले वाक्य मुद्रित करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. ज्यांना हौस आहे त्यांनी ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेला 'प्राट' हा विनामूल्य कार्यक्रम घ्यावा. त्यात आपल्या स्वराच्या संस्पंदन वारंवारता पडद्यावर दिसतात. शाळेच्या विज्ञान मंडळाला एका दुपारचा उत्तम उद्योग आहे.

मराठी हेही एक साधन आहे आणि ते आपण फुकट घालवतो. जर्मन शिकवणारी बहुतेक साधने इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेली असतात. टेबल पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी कसे, याचे इंग्रजी माणसाला भारी आश्चर्य. आपण तो, ती, ते म्हणतच मोठे झालो. जर्मनचे देअर, दी, दास आपल्याला नवे नाहीत. पुस्तक, घर, पाणी, मूल हे सारे दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी. भाषा ही दोन्हीकडे 'ती'. खुर्ची मात्र तिकडे पुरुष आणि सूर्य स्त्री! म्हणून चिठ्ठीवर नुसते नाम न लिहिता लिंगासह लिहावे, आणि जिथे मराठीशी जुळत नाही तिथे लाल शाईची खूण करावी. उच्चाराचेही तसेच. जर्मनमधील 'त्साइट', म्हणजे वेळ, या शब्दाचा आरंभ इंग्रजी माणसाला जड जातो. आपण 'चहा'चा च आणि 'चाक'चा च निराळे उच्चारतो. त्यातला 'चाक'चा च तिथे लावला की झाले. हे कोणतेही ॲप तुम्हाला सांगणार नाही. मराठी बाजू असलेली चिठ्ठी तुम्हालाच करावी लागेल.

बाकी साधनांविषयी थोडक्यात. पुस्तक घेताना त्यावर पातळी छापली आहे का ते पाहा. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. '३० दिवसांत जर्मन' असे छापलेले आणि पायरी न सांगणारे पुस्तक मी परत ठेवतो. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेक' हा चित्रफितींचा अभ्यासक्रम ए१ ते बी१ पातळीपर्यंत विनामूल्य आहे. सावकाश वाचलेल्या बातम्याही तिथे मिळतात. गप्पा मारणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम लाजाळू विद्यार्थ्याला तोंड उघडायला उपयोगी पडतात. पण ते चूकही तितक्याच ठामपणे सांगतात, म्हणून व्याकरणाचा निवाडा पुस्तकाकडूनच घ्यावा. आणि वर्ग? पुण्यात व मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. आपले वाक्य न समजून कपाळाला आठी घालणारा जिवंत माणूस आठवड्यातून एकदा तरी समोर असावा. ती आठी पडद्यावर उमटत नाही.

त्या गृहस्थांनी १८ हजार भरले नाहीत. निम्म्या पैशांत मुलीला आठवड्यातून तीन संध्याकाळचा वर्ग लावला. बाकीचे परीक्षेच्या शुल्कासाठी ठेवले. बुटांचा खोका दुकानातला आहे, त्याला तांब्याच्या तारेचा वास येतो असे ती सांगते. रात्रपाळीला जाताना बसमध्ये आंकी आणि घरी खोका, असे तिचे चालू आहे. दिवाळीत भेटली तेव्हा ए२ची परीक्षा दिलेली होती. बी२ अजून दूर आहे, आणि बसमध्ये डुलकी लागते ही तिची तक्रार खरी आहे. त्यावर माझ्याजवळ उपाय नाही.

तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, प्रयोग करा. तुम्हाला मुळीच न येणाऱ्या भाषेतले ४० शब्द अर्थांसह घ्या. प्रत्येक शब्दासाठी नाणे उडवा; छाप पडला तर 'क' यादी, काटा पडला तर 'ख'. एका यादीत २० झाले की उरलेले दुसरीत घाला. सोपे शब्द नकळत एका यादीत जाऊ नयेत म्हणून हे नाणे. 'क' यादी पाच वेळा वाचा, दर वेळी पाच मिनिटे. 'ख' यादी एकदाच पाच मिनिटे वाचा. नंतरच्या चार वेळा अर्थ पाहून शब्द आठवा आणि चुकलेला शब्द लगेच पाहून घ्या. वेळ दोन्हींना सारखाच. मग आठवड्यानंतर कोणत्या यादीतले किती शब्द येतील याचा अंदाज कागदावर लिहून तो पाकिटात बंद करा. सात दिवस याद्यांना हात लावू नका. आठव्या दिवशी मित्राकडून दोन्ही याद्यांची परीक्षा घ्या, गुण मांडा आणि नंतरच पाकीट फोडा. वर्गातल्या तीस जणांनी केले तर सरासरीही काढता येईल. सीमेलगतच्या शाळांनी जर्मनऐवजी कन्नड किंवा गुजराती घेतली तरी चालेल. मात्र वर्गात ती भाषा घरी बोलणारा कोणी असेल तर त्याला परीक्षक करावे.